विमावाल्या मावशी

मावशींना 'हाऊ आर यू' म्हणणं धोक्याचं होतं. अमेरिकेत हा प्रश्न नुसता विचारायचा असतो, त्याचं उत्तर द्यायचं नसतं, हे शिकागोत अर्धं आयुष्य काढूनही त्यांना कळलं नव्हतं. किंवा कळलं असेल, पण मानलं नव्हतं. विमा कंपनीतल्या एखाद्या मुलीने सवयीने 'हाऊ आर यू टुडे' म्हटलं की मावशी खुर्चीत सरसावून बसायच्या आणि सांगायला लागायच्या. डावा गुडघा. रात्रीची झोप. सकाळी पोट साफ झालं की नाही. सगळं सांगून झालं की विचारायच्या, "अँड यू? नो नो, 'फाइन' इज नॉट ॲन्सर. टेल प्रॉपरली." आणि गंमत म्हणजे लोक सांगायचे. आयोवातल्या कुठल्याशा ऑफिसातल्या एका बाईने त्यांना आपल्या पित्ताशयाची आख्खी कहाणी ऐकवली होती. नंतर आमची कामं ती बाई आपणहून पुढे सरकवायची.

डेव्हन ॲव्हेन्यूवर एका साडीच्या दुकानाच्या वरती मावशींचं ऑफिस होतं. लाकडी जिना, शेजारच्या मिठाईवाल्याकडचा तळणाचा वास आणि खिडकीखाली बसचा थांबा. घराचा, गाडीचा, आयुष्याचा असे सगळे विमे त्या विकायच्या, पण जीव होता तो आरोग्याच्या विम्यात. 'इन्शुरन्स' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. 'विमा'. गोऱ्या माणसाशी बोलतानासुद्धा मधूनच 'युअर विमा' म्हणायच्या आणि समोरच्याला ते कळायचं.

त्या नागपूरच्या, मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीवर मी इथे आले. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा काहीतरी काम हवं म्हणून कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं. मुलाखत अशी झाली:

"भांडता येते का गं तुला?"

"नाही हो, मावशी."

"पुण्याची म्हणते ना तू? येत असेल. आठवून पाह्य."

सोमवारपासून मी कामाला लागले.

आमचं निम्मं काम म्हणजे फोनवर ताटकळणं. कंपनीला फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि त्यांचं ते लिफ्टसारखं संगीत ऐकत बसायचं. मावशी तो वेळ फुकट घालवत नसत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायच्या. घरची, शेजारणीची आणि पुढेपुढे माझीसुद्धा. कुठली कंपनी किती मेथीची, हे त्यांना ठाऊक होतं. "आज यांना फोन नको करू," म्हणायच्या, "आज फक्त कोथिंबीर आणली आहे."

हिवाळ्यात त्यांच्या अंगावर साडी, साडीखाली गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट आणि वर काकांचा जाडजूड ओव्हरकोट. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. कोट त्यांना खांद्यावरून ओघळायचा, बाह्या हाताच्या बोटांखाली जायच्या, पण दुसरा घ्या म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करायच्या. एकदा मोठा बर्फ पडला. आमच्या भागात रीत अशी, की ज्याने फावड्याने बर्फ काढून रस्त्याकडेची जागा मोकळी केली, त्याने तिथे एखादी खुर्ची ठेवायची. मग ती जागा त्याची. मावशींना गाडी चालवता येत नव्हती, गाडीही नव्हती. तरी त्या आपल्या घरासमोरची जागा साफ करायच्या आणि खुर्ची ठेवायच्या, पाहुणा आला तर असावी म्हणून. त्या वेळी कुणीतरी ती खुर्ची उचलून फुटपाथवर फेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जाताना पाहिलं तर मावशी स्वतः त्या खुर्चीत बसलेल्या. काकांचा कोट, मांडीवर थर्मास, रस्त्यात. समोर एक माणूस गाडीचा हॉर्न वाजवतोय आणि मावशी त्याला शांतपणे विचारतायत, "व्हॉट इज युअर हरी? हार्ट पेशंट?" शेवटी तो गेला. जाताना हसून हात करून गेला.

हे सगळं सांगितलं तर त्या नुसत्या विक्षिप्त वाटतील. तशा त्या होत्याच. पण एका बाबतीत त्यांच्याशी कुणाचं काही चालत नसे. अर्जात खोटं लिहायचं नाही.

त्या काळी स्वतःचा आरोग्य विमा स्वतः काढायचा म्हणजे परीक्षाच असे. नोकरी असलेल्यांना कंपनीतून मिळायचा. ज्याला तसली नोकरी नाही त्याने अर्ज भरायचा, सगळी दुखणी सांगायची आणि मग विमा कंपनी ठरवणार, तुला घ्यायचं की नाही. म्हणून लोक लपवायचे. साखर लपवायचे, रक्तदाब लपवायचे. एजंटही डोळा मारून 'राहू द्या' म्हणायचे. मावशींच्या गल्लीतल्या एका किराणावाल्याने असंच दुसऱ्या एजंटच्या सल्ल्याने छातीचं जुनं दुखणं लिहिलं नव्हतं. पुढे त्याचं ऑपरेशन झालं, कंपनीने जुने कागद उकरले आणि विमा रद्द केला. अगदी पहिल्या दिवसापासून रद्द, जणू कधी काढलाच नव्हता. त्याचं दुकान गेलं. त्या दुकानाच्या जागी आता मोबाइल फोनचं दुकान होतं, आणि मावशी त्याच्यासमोरून जाताना दरवेळी पलीकडच्या फुटपाथवर जायच्या.

"खोट्यावर काढलेला विमा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर," त्या म्हणायच्या. "पाह्यला बरं दिसते, बस्स."

एकदा पुण्याचा एक आयटीतला मुलगा आला. कॉन्ट्रॅक्टवर काम, कंपनीचा विमा नाही. तंबाखू-सिगरेटच्या रकान्यात त्याने ठसक्यात 'नो' लिहिलं. मावशी उठल्या, त्याच्या जॅकेटच्या बाहीचा वास घेतला आणि जिन्याकडे बोट दाखवलं. "मावशी, चिल यार, सगळे असंच लिहितात," तो म्हणाला. "सगळे मरतेतही," मावशी म्हणाल्या, "तू पण जा." तो गेला आणि पुढच्या आठवड्यात परत आला. 'येस' लिहायला.

अशा ऑफिसात मीनल आली.

ऑक्टोबर असावा. सकाळची वेळ होती. आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाच्या एक वहिनी बसल्या होत्या. सासूसासरे भारतातून यायचे होते, त्यांचा प्रवासाचा विमा काढायला आल्या होत्या. वहिनींना सगळ्या शिकागोतल्या मराठी घरांची माहिती असे आणि ती त्या जवळ ठेवत नसत. तेवढ्यात जिन्यावरून एक मुलगी वर आली. सव्वीस-सत्तावीसची, राखाडी स्वेटशर्ट, केस घट्ट वर बांधलेले, पाठ अगदी सरळ. ती इंग्रजीतच बोलायची, मावशीही तिच्याशी आपल्या इंग्रजीत बोलल्या; मी इथे मराठीत सांगते आहे. मराठी तिला कळायचं सगळं, हे आम्हाला मागाहून समजलं.

"मला हेल्थ इन्शुरन्स हवा आहे," ती म्हणाली. "दोन ठिकाणी नाही म्हणाले."

"काऊन? आजार काय आहे?"

"काहीच नाही. कामामुळे."

"काय काम करते?"

"एंटरटेनर."

"म्हणजे काय गं? पोरांच्या वाढदिवसाला फुग्याचे हत्ती बनवते?"

मुलीने वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मावशींच्या डोळ्यात बघत म्हणाली, "क्लबमध्ये नाचते. कपडे काढून."

वहिनींच्या हातातलं पेन थांबलं. खाली बस येऊन थांबली, तिची दारं उघडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. मावशींनी चष्मा पुसला, परत लावला आणि विचारलं, "त्या खांबावर चढते का?"

"हो."

"पडली कधी?"

"एकदा. मनगट मुरगळलं होतं."

"गुडघे कसे आहेत? टाचांचे बूट घालून नाचते ना, घोट्याला पट्टा बांधत जा. पाठीला त्रास? झोप किती वाजता? सिगारेट? दारू? तिथे लोक पाजतेत म्हणे."

ती एकेकाचं उत्तर देत गेली. सिगारेट नाही. दारू नाही, क्लबात ती आल्याचं पाणी पिते आणि गिऱ्हाइकांना ती व्हिस्की वाटते. हे सांगताना ती हसली आणि हसताहसताच तिच्या डोळ्यात पाणी आलं. नंतर तिने मला सांगितलं, आधीच्या दोन्ही ठिकाणी काम सांगितल्यावर समोरच्या माणसाने पुढचे प्रश्न विचारलेच नव्हते. त्यातल्या एकाने तर रात्री क्लबचा पत्ता मागितला होता.

मग मावशींनी तिचं लायसन्स मागितलं. त्यावरचं आडनाव वाचलं आणि मान वर केली. "अगं माय, तू तर आपली!"

मुलगी उठून उभी राहिली. "प्लीज. माझ्या आईबाबांना फोन करू नका. ते न्यू जर्सीला असतात. वेस्ट विंडसरला. त्यांना माहीत नाही."

"बस खाली," मावशी म्हणाल्या. "मी विमा विकते, लग्न नाही जमवत." मग वहिनींकडे वळून, आवाज तसाच ठेवून, "वहिनी, तुम्ही इथे सासऱ्यांच्या मूळव्याधीचं सांगत होत्या ना? ते मी कुणाला सांगितलं तर चालेल का?"

वहिनींनी पेन उचललं आणि सही केली. ती गोष्ट त्यांच्या तोंडून कधीच बाहेर गेली नाही, हे मी खात्रीने सांगू शकते.

मीनल कॉलेजसाठी शिकागोला आली होती. लहानपणापासून बॅले केलेलं. नृत्य शिकायचं म्हणून कॉलेज मधेच सोडलं, कुठल्याही बॅले कंपनीत जागा मिळाली नाही, आणि क्लबमध्ये काम मिळालं ते तिने पकडलं. तिथे नोकरी म्हणून कुणी ठेवत नाही. तुम्ही स्वतंत्र, तुमचं तुम्ही बघा. वडिलांच्या विम्यावरून वय झालं म्हणून ती कधीच उतरली होती. आधीच्या एका एजंटने तिला सुचवलं होतं, 'वेट्रेस' लिही, कोण बघतंय. तिने मावशींनाही तेच विचारलं.

"आणि खांबावरून पडली म्हणजे? हॉस्पिटलात काय सांगशील, कॉफी वाढताना पडले?" मावशी म्हणाल्या. "नाही. जे करते तेच लिहायचं. नाचते ना तू? चोरी तर नाही करत?"

पुढचे काही आठवडे मी इतकी मेथी निवडली की घरात कुणी ती खाईना. एकामागून एक कंपन्या. प्रत्येकीकडे न घेण्याच्या व्यवसायांची यादी होती, त्यात सुरुंगवाले, सर्कसवाले आणि मीनल. एका कंपनीतल्या माणसाशी झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

"मॅडम, हा व्यवसाय आमच्या यादीत आहे."

"यादी कोणी केली? नाव सांगा."

"नाव नाही सांगता येणार, मॅडम."

"तो कधी गेला आहे का असल्या क्लबला?"

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"गेला असेल," मावशी म्हणाल्या. "म्हणजे पाहायला चालते, विम्याला नाही चालत. असं आहे तर." आणि फोन ठेवून दिला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मी पहिल्यांदा त्यांना थकलेलं पाहिलं.

शेवटी इलिनॉयच्याच एका लहान कंपनीने सरळ नाही म्हटलं नाही. 'विचार करतो' म्हणाले. मावशींना तेवढं पुरलं. "फोनवर त्यांना फक्त तो शब्द ऐकू येते," त्या म्हणाल्या. "पोरगी दिसली पाह्यजे."

गाडी मी चालवली. शिकागो मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापणी झालेली मक्याची शेतं, सपाट, क्षितिजापर्यंत. मीनल मागच्या सीटवर, पांढरा शर्ट आणि काळी पँट, जणू इंटरव्ह्यूला चालली आहे. मावशी पुढे, काकांच्या कोटात. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता. काकांची नोकरी गेली तेव्हा नोकरीबरोबर विमाही गेला होता. छातीत दुखायला लागलं तरी काका डॉक्टरकडे जाईनात, नवी नोकरी लागू दे, मग जाऊ म्हणायचे. "नोकरी लागली होती," मावशी म्हणाल्या. "सोमवारी जॉइन व्हायचं होतं." मग खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाल्या, "इथे तूर चांगली झाली असती." मागच्या सीटवरून मीनलने हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. तो हात मावशींनी गाव येईपर्यंत धरून ठेवला.

कंपनी म्हणजे एक विटांची दुमजली इमारत, समोर धान्याचं उंच कोठार. अर्ज मंजूर करणारा मॅनेजर निवृत्तीला आलेला माणूस होता, गुलाबी चेहऱ्याचा आणि संकोची. आम्ही ठरवून आलो असूनही तीन बायका समोर बघून तो इतका गोंधळला की त्याने मलाच विचारलं, "तुम्ही... त्या?"

"नो," मावशी म्हणाल्या. "धिस वन इज फ्रॉम पूना. शी ओन्ली फाइट्स."

तो हसला आणि त्यामुळे पुढचं सोपं झालं. मावशींनी त्याला विचारलं, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते? तो प्रामाणिक होता. म्हणाला, या कामातले लोक टिकत नाहीत. ड्रग्ज असतात, आजार असतात, पत्ते बदलतात.

मावशी उत्तर द्यायला गेल्या, पण मीनलने त्यांना थांबवलं. "मी बोलते," ती म्हणाली. खुर्चीच्या कडेवर बसून, पाठ सरळ. "मी पहिल्यापासून एकाच क्लबमध्ये काम करते आहे, एकाच अपार्टमेंटमध्ये राहते आहे. टॅक्स भरते. सहा वर्षांची असल्यापासून रोज व्यायाम करते. तुम्हाला ज्या तपासण्या करायच्या त्या करा, रक्त, लघवी, सगळं. त्यात काही सापडलं तर नाही म्हणा. पण न बघता नाही म्हणू नका. आजवर सगळ्यांनी न बघताच म्हटलंय. आणि मला बघायला तर लोक पैसे देतात."

मॅनेजर लाल झाला. मग त्याने टेबलावरचं पेन सरळ केलं आणि म्हणाला, "तपासण्या करू."

तपासण्या झाल्या. सगळ्या स्वच्छ. हप्ता थोडा जास्त लावला, पण विमा दिला. मावशींनी मात्र एक हट्ट धरला. व्यवसायाच्या रकान्यात 'डान्सर' एवढंच होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. 'एक्झॉटिक डान्सर, नाइट क्लब' असं मोठ्या अक्षरांत लिहायचं आणि शेजारी मॅनेजरने स्वतःची सही करायची. "एवढं कशाला?" मी विचारलं. "काम झालंय ना?"

"हा भला माणूस आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या याच्या खुर्चीत कोण बसेल?"

पॉलिसी पोस्टाने आली त्या दिवशी मीनल पेढ्यांचा डबा घेऊन आली. शेजारच्या मिठाईवाल्याने विचारलं, काय, पास झाली का? "हो," ती म्हणाली. मराठीतून.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात तिला मानेत गाठ लागली. थायरॉइडचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, बरा होणाऱ्यातला आहे, पण ऑपरेशन लवकर करू. तारीख ठरली. आणि हॉस्पिटलातून फोन आला, की विमा कंपनीची मंजुरी थांबली आहे. केस 'रिव्ह्यू'ला गेली आहे.

या शब्दाचा अर्थ आम्हा दोघींना माहीत होता. नवा विमा, मोठा आजार. आता कुणीतरी जुने कागद घेऊन बसणार आणि त्यात खोट शोधणार. तो गुलाबी मॅनेजर निवृत्त झाला होता. मीनल ऑफिसात येऊन बसली. गळ्याला रुमाल. "मावशी," ती म्हणाली, "मी काही लपवलं नाही ना? खोकला, सर्दी, काहीतरी विसरले असेन का?" ती रात्र रात्र तेच आठवत बसली होती.

मावशींनी मेथी आणली नव्हती. फोन लावला, स्पीकरवर टाकला, हात मांडीवर ठेवून बसल्या. फोनवर आलेला आवाज तरुण होता, घाईतला. त्याने सुरुवात केली, "अर्जदाराचा व्यवसाय आमच्या नियमात बसत नाही असं दिसतंय. हे अर्ज करताना सांगितलं गेलं होतं का, याची आम्ही खात्री करतो आहोत."

"अर्ज आहे समोर?" मावशींनी इंग्रजीत विचारलं.

"आहे."

"व्यवसाय वाचा. मोठ्याने."

कागदांचा आवाज. मग तो थांबला. "एक्झॉटिक डान्सर. नाइट क्लब."

"शेजारी कुणाची सही आहे?"

"...आमच्या मॅनेजरची."

"आता तुमच्याच डॉक्टरने केलेल्या तपासण्या वाचा. सगळ्या वाचा. वी हॅव टाइम. पेशंट हॅज नो टाइम, बट फॉर धिस वी हॅव टाइम."

त्याने वाचल्या. रक्त, लघवी, छाती, मान. 'मान: नॉर्मल' हेही त्याने स्वतःच वाचलं.

"नाऊ टेल मी," मावशी म्हणाल्या, "कुठे आहे खोटं?"

"मॅडम, मी सुपरवायझरशी बोलून कळवतो."

"मी थांबते," मावशी म्हणाल्या. ते लिफ्टसारखं संगीत सुरू झालं. आम्ही तिघी त्या फोनकडे बघत बसलो होतो. मीनलने डोळे मिटले होते. मावशी पुटपुटत होत्या, मला वाटलं स्तोत्र म्हणतायत, जवळ जाऊन ऐकलं तर शिव्या होत्या, खास नागपुरी.

संगीत थांबलं. "मंजूर आहे," तो आवाज म्हणाला. "ऑपरेशन, हॉस्पिटल, पुढची ट्रीटमेंट, सगळं."

मी ओरडले. खालच्या साडीच्या दुकानातला माणूस जिन्यावर येऊन विचारून गेला, काय झालं? मीनलने मावशींच्या मांडीत डोकं खुपसलं. मावशी तिच्या केसांवरून हात फिरवत फोनवरच्या पोराला म्हणाल्या, "थँक यू, बेटा. हाऊ आर यू? युअर व्हॉइस इज टायर्ड." आणि तो चक्क सांगायला लागला.

ऑपरेशनच्या आधी मीनलने स्वतः आईला फोन केला. कॅन्सरचं सांगितलं. मग, भूल देण्याआधी सगळं सांगून टाकायचं म्हणून, बाकीचंही सांगितलं. आई दुसऱ्या दिवशी विमानाने आली. शाळेतल्या लायब्ररीत काम करणारी, किरकोळ बांध्याची, हळू बोलणारी बाई. वडील आले नाहीत, पण रोज संध्याकाळी फोन करून गाठीबद्दलच विचारायचे, दुसरं काही नाही. ऑपरेशन नीट झालं. आई कित्येक आठवडे राहिली, मऊ भात करून घालत होती. आमच्या ऑफिसातही यायची, कोपऱ्यात बसायची. एकदा मला म्हणाली, "तिकडे सगळ्यांना मी सांगितलंय, ती इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये आहे." मी मान डोलावली. त्यावर मावशींनीही काही टीका केली नाही. फक्त चहात आलं जास्त टाकलं.

मीनलचा विमा टिकला ही बातमी क्लबात पोचली. एका शनिवारी दुपारी, मीनल बरी होऊन पुन्हा बाहेर पडायला लागली होती तेव्हा, ती चार मैत्रिणी घेऊन आली. एक उंच काळी मुलगी, एक पोलिश, दोघी बहिणी मिशिगनच्या. चौघींचंही तेच, विमा नाही, कुणी देत नाही. मावशींनी प्रत्येकीला झोप, गुडघे, पोट सगळं विचारलं, पोलिश मुलीला सिगारेट सोडायला सांगितली, तीही ओरडून. चौघींनी खरंखुरं लिहिलं. कंपनीने पुढे तिघींना घेतलं. चौथीसाठी मावशी भांडतच राहिल्या आणि वर्षभराने तिलाही मिळाला.

अर्ज भरून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "चला, भूक लागली." आणि आम्हा सगळ्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या डोशाच्या हॉटेलात शिरल्या. शनिवारचं डेव्हन म्हणजे सगळं गाव तिथे. आम्ही आठजणी दोन टेबलं जोडून बसलो. मिशिगनच्या बहिणींना डोसा केवढा लांब येतो याचं हसू आवरेना. मीनल आईशेजारी बसली होती, गळ्यावरचा व्रण उघडा टाकून. त्या दिवशी तिने रुमाल बांधला नव्हता.

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी उठून आले. मंडळातल्या कुणाकडून तरी आईची ओळख निघाली होती, एकच गाव, एकच शाळा असं काहीतरी. बोलणं झालं. मग त्या बाईंनी मीनलकडे कौतुकाने पाहिलं. "ही तुमची मुलगी का? छान आहे हो. काय करते?"

काय विचारलंय हे त्या अमेरिकन मुलींनाही कसं कोण जाणे, कळलं. मीनलने पाण्याचा ग्लास उचलला आणि नुसताच धरून ठेवला. मावशी पुढे झुकल्या. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, मला दिसत होतं.

"नाचते," आई म्हणाली.

"अय्या, भरतनाट्यम का?"

"नाही," आई म्हणाली. स्पष्ट, लायब्ररीत बोलतात त्यापेक्षा बरंच मोठ्याने. "क्लबमध्ये नाचते. या सगळ्या तिच्या मैत्रिणी." आणि वेटरला हात करून म्हणाली, "अजून थोडं सांबार द्या इकडे."

मावशींनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी आपल्या ताटातला वडा उचलला, न तोडलेला, आणि मीनलच्या आईच्या ताटात ठेवला.